चार नाटकांचं वर्ष : महाविद्यालयीन रंगमंच आणि निवडीचा प्रश्न

मागच्या खेपेला आपण रसविचाराकडून प्रेक्षकाकडे आलो होतो. आज थोडं खाली उतरू या, म्हणजे थेट कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. तिथे जून-जुलैमध्ये एक बैठक होते. नाट्यमंडळाचे प्रमुख असतात, मराठीचे एक प्राध्यापक असतात, दोन-तीन विद्यार्थी प्रतिनिधी दाराजवळच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेले असतात. कुणीतरी तत्त्वज्ञानाचाही माणूस बोलावतं, कारण त्याच्याकडे वेळ असतो असा समज आहे. त्यामुळे आम्ही अशा बैठकांना वर्षानुवर्षं बसलो. विषय एकच : यंदा कोणती नाटकं करायची?

आता बघा, या बैठकीत एक शब्द हमखास येतो. विविधता. 'वर्षभरात विविधता हवी.' त्यावर सगळे मान डोलावतात. मग फळ्यावर रकाने पडतात : एक ऐतिहासिक, एक विनोदी, एक सामाजिक, जमलं तर एक संगीत. रकाने भरले की चहा येतो. आमचं म्हणणं असं की, या बैठकीत विविधतेचा विचार झालेलाच नसतो. पाट्यांची वाटणी झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका सत्रात पु. लं.चं 'तुझे आहे तुजपाशी' घेतलं आणि दुसऱ्या सत्रात एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. एक १९५७ चं, एक १९८५ चं. एकात हसू, दुसऱ्यात खचत चाललेलं घर. रकान्यांच्या हिशेबाने यापेक्षा लांबची जोडी कुठली? दोन्ही नाटकं मोठी, त्यात शंका नाही. पण नाटक करणाऱ्या मुलाच्या बाजूने बघा. दोन्हीकडे एक कुटुंब, एक घर, आत जाणारं दार आणि बाहेर जाणारं दार. दोन्हीकडे माणसं एकमेकांशी बोलतात आणि प्रेक्षक तिथे नाहीतच असं धरून चालतात. नेपथ्यवाल्याचं काम तेच, प्रकाशयोजनेचं काम जवळजवळ तेच. नटाच्या शरीराला जी शिस्त लागते तीही तीच : बसणं, उठणं, पेला उचलणं, गप्प राहणं. शिस्त महत्त्वाचीच आहे. पण वर्ष संपलं आणि मुलगा एकाच घरात दोनदा राहून आला.

उलट 'घाशीराम कोतवाल' आणि 'महानिर्वाण' घ्या. लोक म्हणतील ही तर सख्खी भावंडं. एक १९७२, एक १९७४. दोन्ही पुण्याची, दोन्हींत गाणं, दोन्हींत कीर्तनाची सावली, दोन्हींत काळं हसू. समितीत कुणी ही दोन्ही सुचवली तर 'एकसारखी होतात' म्हणून एक गळेल. पण 'घाशीराम'मध्ये माणसांची भिंत उभी राहते, हलते, दुभंगते. तिथे नटाला 'मी' विसरून रांगेतला एक व्हावं लागतं, आणि शेजाऱ्याचा श्वास ऐकू आला नाही तर भिंत कोसळते. 'महानिर्वाणा'त मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो. तिथे एकट्याने प्रेक्षकांसमोर उभं राहून, शब्दाच्या कोट्यांवर तोल सांभाळत, त्यांना आपल्या बाजूला ओढायचं असतं. मागे चाळ आहेच, पण भाऊराव एकटा आहे. ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की एकात तरबेज झालेला मुलगा दुसऱ्यात पहिल्या दिवशी अक्षरशः लंगडा असतो.

म्हणजे भेद कुठे मोजायचा, हा प्रश्न आहे. इथे आमच्या धंद्यातलं एक जुनं हत्यार काढतो, तेवढं सहन करा. वेदान्तात भेद तीन प्रकारचा सांगितला आहे, आणि विद्यारण्यांनी 'पंचदशी'त त्याला झाडाचं उदाहरण दिलं आहे. झाड आणि दगड यांच्यातला भेद विजातीय. एका झाडाचा दुसऱ्या झाडाशी तो सजातीय. आणि झाडाचा स्वतःच्याच पानाफुलांशी, फळांशी जो भेद तो स्वगत. अर्थात, त्यांना हे भेद ब्रह्माच्या ठिकाणी नाहीत असं म्हणायचं होतं. आपल्याला नाट्यमंडळ चालवायचं आहे, तेव्हा आपण ते उलट्या कामाला लावू.

फळ्यावरचे रकाने फक्त विजातीय भेद बघतात. हे झाड, तो दगड, हा मोर, झाली विविधता. सजातीय भेद, म्हणजे एकाच जातीच्या दोन नाटकांमधला फरक, शिकणाऱ्याच्या दृष्टीने कित्येकदा जास्त मोलाचा असतो, आणि तो रकान्यात मावत नाही म्हणून गळतो. स्वगत भेदाकडे तर कुणी बघतच नाही. एकाच नाटकाच्या आत किती तऱ्हांचं काम आहे? किती मुलांना, कोणत्या मुलांना, काय काय करायला मिळणार आहे? तीन पात्रांच्या नाटकात तीन मुलं शिकतात आणि सत्तावीस मुलं सतरंज्या घालतात. सतरंज्या घालण्यातही शिक्षण आहे, हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकलंय. ते बोलणारे बहुधा कधी सतरंजी घालायला गेलेले नसतात.

आता स्पर्धांविषयी बोलायला हवं, कारण आपल्याकडे कॉलेजचं नाटक म्हणजे एकांकिका आणि एकांकिका म्हणजे स्पर्धा, असं समीकरण घट्ट झालं आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकांनी १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू केला. पुढे फिरोदिया करंडक आला, ज्यात चित्र, शिल्प, वाद्य, नृत्य यांना एकांकिकेच्या पोटात जागा मिळाली. या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट, किती लेखक, किती तंत्रज्ञ दिले याची मोजदाद करत बसायला नको, ते सर्वज्ञात आहे. भरत नाट्य मंदिराच्या बाहेरचा तो आरडाओरडा ऐकला नाही त्याने तारुण्य पाहिलं नाही, असंही कुणी म्हणेल, आणि आम्ही वाद घालणार नाही.

पण स्पर्धेचं तर्कशास्त्र एक असतं आणि वर्षभराच्या निवडीचं दुसरं. स्पर्धा विचारते, यातलं सर्वांत चांगलं कोणतं? निवड विचारते, कशाशेजारी काय ठेवावं? पहिल्या प्रश्नाची इतकी सवय झाली आहे की दुसरा प्रश्न सुचतच नाही. मग काय होतं, जुलैत एक संहिता बसते, ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घासूनपुसून निघते, आणि तीच मग वर्षभर गावोगावच्या करंडकांना फिरते. तासाभराच्या आतलं नाटक. कळस कुठे यावा, काळोख किती सेकंदांचा असावा, परीक्षकांच्या पेनाची टोपी कधी उघडते, सगळं मुलांना पाठ. तीन वर्षं मन लावून नाटक केलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याने दोन अंक पेलण्याचा दम कधी तपासलेला नसतो. मध्यंतरानंतर थंडावलेला प्रेक्षक पुन्हा कसा धरायचा हे त्याला ठाऊक नसतं. आपल्या वयाच्या, आपल्या बोलीच्या, आपल्या शहराच्या बाहेरचं वाक्य त्याने फार क्वचित तोंडात घेतलेलं असतं. नवं लिहावं, जरूर लिहावं. पण ज्याने जुनं कधी बोलून पाहिलं नाही त्याचं नवं लवकर एकमेकांसारखं दिसायला लागतं, आणि तसं ते दिसतं आहे. स्पर्धेचे सलग आठ प्रयोग बसून बघा.

तर टीका पुरे. आम्ही काय निवडू? चार नाटकं धरू. कॉलेज मध्यम, हॉल एक, त्यात पंख्यांचा आवाज, तीस-पस्तीस मुलं, त्यात मुली निम्म्याहून जास्त, पैसा बेताचा.

पहिलं, पावसाळ्यातलं, 'भगवदज्जुकीय'. संस्कृत प्रहसन. ते कुणी लिहिलं यावर पंडितांचा वाद आहे, तो त्यांना लखलाभ. नावच विनोदी आहे : भगवान म्हणजे संन्यासी, आणि अज्जुका म्हणजे गणिकेला आदराने मारायची हाक. एक योगी आणि त्याचा शिष्य शांडिल्य एका बागेत येतात. शांडिल्य धर्माकडे वळला तो पोटासाठी. आधी तो बौद्धांकडे जाऊन आलाय, पण तिथे एकदाच जेवतात म्हटल्यावर पळाला. बागेत वसंतसेना नावाची गणिका आहे. यमाचा दूत येतो आणि नावाच्या घोटाळ्यात भलत्याच वसंतसेनेचे प्राण घेऊन जातो. शिष्य रडायला लागतो. त्याला योगाचं सामर्थ्य दाखवावं म्हणून गुरुजी स्वतः तिच्या शरीरात शिरतात. झालं! गणिका उठून बसते आणि वैराग्यावर बोलायला लागते. आई येते, प्रियकर येतो, वैद्य येतो, आणि ती सगळ्यांना संन्याशाच्या तोऱ्यात फटकारते. तेवढ्यात यमदूत चूक दुरुस्त करायला परततो, तर शरीरात बिऱ्हाड दुसऱ्याचंच. मग तो गणिकेचे प्राण रिकाम्या पडलेल्या संन्याशाच्या देहात घालून देतो, आणि आता संन्यासी लाजतो, मुरडतो, प्रियकराला हाक मारतो.

लॉकने राजपुत्राचा आत्मा चांभाराच्या देहात घालून 'आता हा माणूस कोण?' असं विचारलं, ते सतराव्या शतकाच्या अखेरीस. वर्गात आम्ही ते शिकवायचो तेव्हा मुलं वहीत उतरवून घ्यायची. हेच या प्रहसनाची तालीम करताना एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या पाठीच्या कण्यात सोडवावं लागतं. माणूस कुठे असतो? आवाजात? चालण्यात? हात कुठे ठेवतो त्यात? संन्याशाची नक्कल करून भागत नाही, कारण देह गणिकेचा आहे, दागिने तिचे आहेत, पायांना सवय तिची आहे. नव्या मुलांना अभिनय म्हणजे काय हे सांगणारी याहून चांगली कार्यशाळा आम्हाला माहीत नाही. खर्च? चार पंचे, एक दुपट्टा, कुंडीतलं एक झाड. आणि पहिल्याच नाटकात मुलीला संन्यासी होता येतं, मुलाला गणिका. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही, तरी अजून वाटतं.

दुसरं, दिवाळीनंतर, 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ चं नाटक, कॉलेजांनी इतकं केलंय की समितीत कुणीतरी 'झालंय हो ते' म्हणणार. झालेलं असू दे. आपला मुद्दा शेजाराचा आहे. प्रहसनात खेळ म्हणून सुरू झालेली गोष्ट हाताबाहेर जाते आणि शेवटी ज्याचा जीव त्याच्या देहात परत जातो. तेंडुलकरांच्या नाटकातही वेळ घालवायला म्हणून खेळ सुरू होतो, खोटं कोर्ट, खोटा आरोप, आणि तो हाताबाहेर जातो. पण इथे कुणालाही मूळ जागी परत जाता येत नाही. ऑगस्टमध्ये ज्या प्रेक्षकाने पोट धरून हसून घेतलंय, तो डिसेंबरमध्ये पहिल्या अंकाला तसाच हसायला बसेल. तेंडुलकरांना नेमका तोच प्रेक्षक हवा आहे.

शिवाय हे नाटक घडतं कुठे, तर गावातल्या एका रिकाम्या हॉलमध्ये. आपल्याकडे तसाच हॉल आहे. मोडक्या खुर्च्या, भिंतीवरच्या तसबिरी, दाराची अडकणारी कडी. बेणारेचं बोट सुरुवातीलाच कडीत सापडतं आणि पुढे तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा दार बाहेरून लागलेलं असतं. कॉलेजच्या खऱ्या दाराला ती खरी कडी असली म्हणजे नेपथ्याचा प्रश्न मिटला. आणि सामंतची भूमिका आवर्जून नव्या, बुजऱ्या मुलाला द्यावी. त्याला साक्षीदार म्हणून उभं करतात आणि तो हातातल्या कादंबरीतून साक्ष वाचून दाखवतो. निरागसपणे माणूस दुसऱ्याचा गळा कसा आवळतो हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणी दाखवत नाही.

एक अडचण मात्र आहे. बेणारे आणि काशीकरबाई सोडल्या तर बाकी पुरुष. आमच्या पस्तिसांतल्या वीस मुली काय करणार? 'घाशीराम'चंही थोड्याफार फरकाने तेच. आपला सत्तरीच्या आसपासचा सगळा थोर वारसा पुरुषांनी भरलेला आहे, आणि कॉलेजच्या तालमीच्या खोलीत बहुसंख्य मुली आहेत. या विसंगतीवर कुणी बैठक घेत नाही. 'मुलगी झाली हो' होतं, पण बहुधा ८ मार्चला. 'चारचौघी' तर १९९१ चं व्यावसायिक रंगभूमीवरचं नाटक, आई आणि तीन मुली, एकीलाही पुरुषाच्या सोयीसाठी लिहिलेलं नाही. 'शांतता'च्या जागी हे घेतलं तर आमची हरकत नाही. प्रहसनाशी जोडणारा धागा जातो, पण वीस मुली उभ्या राहण्याची शक्यता येते. दोन्हींतून निवडायचं तर आम्ही तालमीच्या खोलीत डोकावून ठरवू. अशी निवड पुस्तकाच्या कपाटासमोर उभं राहून करूच नये.

तिसरं नाटक, आणि इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न'. १८५५ साली लिहिलेलं. म्हणजे भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'नंतर बारा वर्षं आणि किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'च्या पंचवीस वर्षं आधी. भाव्यांच्या खेळात पात्रं पुष्कळसं आयत्या वेळी बोलत असत. इथे संवाद लिहून काढलेले आहेत. जोशीबुवा एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो, नवरा-बायको कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात, पाद्री येतो, वाद होतो, आणि विदूषक सतत मध्ये येऊन बोलतो. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्याच शाळेत. नाटककार आपल्याच शाळेचा पत्ता नाटकात देतो!

हे नाटक फुल्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं होतं. कमिटीने ते स्वीकारलं नाही. आमच्या आजच्या विषयाला यापेक्षा जवळचा प्रसंग सापडायचा नाही. एक समिती बसली, पुढ्यात संहिता आली, आणि तिने नको म्हटलं. त्यानंतर शतकाहून अधिक काळ मराठी नाटकाचा इतिहास या नाटकाला वगळून सांगितला गेला. समित्यांची टिपणं कंटाळवाणी असतात, परिणाम मात्र लांब पोचतात.

नाटक म्हणून ते निर्दोष आहे का? नाही. पाद्र्याबरोबरचा वाद लांबतो, मधली भाषणं आज बोलायला जड जातात. पण विदूषक! तो पात्रांशी बोलत नाही, प्रसंगाच्या कडेला उभा राहून आपल्याशी बोलतो. ब्रेख्तचं नाव घेतल्याशिवाय ज्यांना असं काही दिसत नाही त्यांनी हे वाचावं. त्या विदूषकाचे पाच-सहा जण करता येतील, मुली करता येतील, तालमीत गाणं घालता येईल. दोष असलेलं नाटक घेणं ही कॉलेजची चैन आहे. तिकीटबारीवर जगणाऱ्या नाटकमंडळीला ती परवडत नाही, आपल्याला परवडते.

आणि कृपा करून हे नाटक एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात ढकलू नका. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'चं आपल्याकडे कित्येकदा तेच होतं. दोन नट आणि जवळजवळ रिकामा मंच, असलं घट्ट नाटक, आणि ते 'त्या' रकान्यात. रकाना एकदा ठरला की मग वर्षभर बाकीच्यांनी त्या प्रश्नाकडे बघायला नको, अशी सोय होते. 'तृतीय रत्न' जानेवारीत, नेहमीच्या जागी, नेहमीच्या प्रेक्षकासमोर हवं, ज्याने 'शांतता'त आदरणीय माणसांचं कोर्ट पाहिलंय त्याच्यासमोर.

कुणी म्हणेल, सर, यातून कटकट होईल. होऊ शकते. हल्ली प्राचार्यांच्या टेबलावरचा पहिला प्रश्न 'नाटक कसं आहे?' हा नसतो, 'काही होणार नाही ना?' हा असतो. त्या प्रश्नाची आम्ही थट्टा करणार नाही. निस्तरायला त्यांनाच लागतं. 'घाशीराम'च्या वेळीही एका नामवंत संस्थेने काही प्रयोगांनंतर नाटक थांबवलं आणि त्यातून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली. विद्यार्थ्यांना अशी संस्था काढता येत नाही, त्यांना परीक्षेला बसायचं असतं. म्हणूनच निवडीचं कारण समितीने लिहून ठेवावं. पानभर. हे नाटक का, या वर्षी का, कशाशेजारी. उद्या कुणी विचारलं तर मुलांनी एकट्याने उत्तर द्यायची वेळ येऊ नये. सह्या प्राध्यापकांच्या असाव्यात.

कागदांचं निघालंच आहे तर तेही उरकू. सार्वजनिक प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो, तेव्हा संहिता आधी पाठवा. लेखकाच्या हक्काचं : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. संस्थेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला आणि शिक्षक, विद्यार्थी, पालक यांच्यापुरताच ठेवलेला प्रयोग कायद्याच्या सवलतीत बसतो. प्रयोग सगळ्यांसाठी खुला केला की बसत नाही. मूळ संस्कृत नाटकाला परवानगी नको, पण त्याच्या आजच्या मराठी अनुवादाला हवी, हे लोक विसरतात. आणि सवलत असली तरी हयात लेखकाला पत्र घालावं. उत्तर येतं, कधी कधी लेखकच येतो.

संगीत नाटकाचं काय, असं मघाशी चिठ्ठीवर विचारलंय. 'शारदा' १८९९ चं आणि अजून बोचणारं नाटक, देवलांची भाषा तर आजही सहज तोंडात बसते. पण गाणारी मुलं असतील तरच. ऑर्गन-तबला समोर हवा. ध्वनिमुद्रित साथीवर पदं म्हणणार असाल तर नको, कारण मग नट गाण्यामागे धावतो आणि पद जिथे भावाने थांबायचं तिथे यंत्र थांबत नाही. मुलं नसतील तर दोन वर्षं थांबा. विद्यार्थी तीन वर्षं असतो, तेव्हा निवडही तीन वर्षांची करावी. यंदाचं राहिलेलं पुढच्या वर्षी येऊ शकतं, एवढं कळलं की बैठकीतली निम्मी भांडणं मिटतात.

राहिलं चौथं. फेब्रुवारीतलं. ती जागा मुलांच्या नव्या नाटकाची, दोन अंकी, आणि लेखन ऑगस्टपासूनच सुरू व्हायला हवं, म्हणजे लिहिणारा मुलगा किंवा मुलगी बाकीच्या तिन्ही तालमींत बसलेली असेल. नाटक तयार झालं नाही तर ओढूनताणून करू नये. त्या तारखेला जवळच्या दुसऱ्या गावातल्या कॉलेजचं नाटक बोलवावं, शक्यतो ज्यांची बोली आपल्याहून वेगळी आहे अशांचं. एस.टी.चं भाडं, दोन वेळचं जेवण, आणि आपल्या मुलांनी त्या दिवशी त्यांच्यासाठी सतरंज्या घालायच्या.

हं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर होता, तिथून सुरू करू या.